मागची बाजू

४ फेब्रुवारी
ओरडा खाल्ला! तोही या वयात, भर संग्रहालयात.

गोधड्यांचं नवं दालन उघडलंय म्हणून गेलो. भिंतभर एकेक गोधडी, खाली पाटी – हात लावू नका. आमच्या ह्यांनी, घड्याळजींनी, हळूच एकीचा कोपरा उचलून मागे पाहिलं. पहारेकरी ओरडला, "ओ बाई, काय चाललंय?" मी वळून पाहते तर नवरोबा लांब जाऊन छत न्याहाळतायत! गोधडीजवळ मीच उभी. मुकाट्याने ऐकून घेतलं.

घरी येताना म्हणाले, "मागून गाठी दिसतात त्यांच्या. आपल्यात दिसत नाहीत." आपल्यात! घर येईपर्यंत मी हसत होते.

७ फेब्रुवारी
घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून त्यांच्या हातांना चैन नव्हतं. दोनदा चालू मिक्सर खोलून ठेवला. शेवटी मीच सुई दिली हातात. आता रंग निवडणं, कापणं, तुकडे जोडणं माझं. खाली अस्तर लावून सगळे थर एकत्र शिवणं त्यांचं. घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून बसतात आणि तांदळाच्या कणीएवढे टाके घालतात.

पण पडदे ओढून! बेल वाजली की सुई उशीत, गोधडी पलंगाखाली, वर्तमानपत्र हातात. मघाशी ते उलटं होतं. "बुद्धिबळवाल्या मित्रांना कळलं तर जगू देणार नाहीत मला," म्हणतात.

१९ फेब्रुवारी
संग्रहालयाला हौशी लोकांच्या गोधड्या हव्यात. माझी पिवळी देणार! मधला पिवळा चौकोन माझ्या जुन्या पडद्याचा, भोवतीचा निळा त्यांच्या दुकानातल्या कोटाचा. असा रंग जुळलाय की मीच माझ्यावर खूश आहे.

"नाव तुझं एकटीचंच लिही हं," ते म्हणाले. लिहिलं.

२५ फेब्रुवारी
निवडली! निवडली! निवडली!

२ मार्च
उलटी टांगलीय!!

माझा पिवळा भिंतीकडे तोंड करून आणि लोकांसमोर नुसतं पांढरं अस्तर. मी तरातरा संग्रहालयाच्या बाईंकडे गेले. त्या म्हणतात, "मुद्दामच. असे टाके फार क्वचित पाहायला मिळतात. पुढची बाजूही छान आहे." बाजू‘ही’! म्हणजे माझी बाजू उरलीसुरली. सरळ करा म्हटलं तर गोड हसल्या आणि नाही म्हणाल्या.

वर विचारतात, "पुढच्या रविवारी इथे बसून लोकांना शिवून दाखवाल?" मी रागाच्या भरात हो म्हणून बसले! माझे टाके म्हणजे कोंबडीचे पाय. आता काय करू?

घरी येऊन घड्याळजींवरच डाफरले. "तुमच्या टाक्यांनी माझा पिवळा गिळला," म्हटलं आणि रडूच आलं.

४ मार्च
"बोट कापलंय म्हणून सांग," असा त्यांचा सल्ला.

"सांगेन. पण लोक तिथे थबकतात, नाकं लावून बघतात आणि शाबासकी मला मिळते. मला ती पचत नाही." एवढं बोलून मी भांडी घासायला गेले. ते बराच वेळ भिंग पुसत बसले होते.

६ मार्च
"मी फोन केला संग्रहालयात. रविवारी मी बसेन."

माझ्या हातातली कात्री खाली पडली. "चारचौघांत?"

"हो. एक अट घातली आणि ती त्यांनी मानली."

"कसली अट?"

"तुला काय करायचंय?"

चांगला दिवा मागितला असणार. उजेडाबद्दल फार कटकट आहे त्यांची.

९ मार्च, रविवार
किती लिहू!

बाहेरच्या मोठ्या दालनात खुर्ची मांडली होती. पहिले दोन टाके त्यांनी उसवून पुन्हा घातले, तिसऱ्यापासून घड्याळजी ते घड्याळजी! लोक वाकून वाकून बघत होते. आणि अख्खी बुद्धिबळ मंडळी हजर. त्यांच्यातला मिशाळ पुढे आला, चष्मा कपाळावर चढवून बघत राहिला आणि म्हणाला, "लेका, आमच्यापासून लपवलंस हे?" मग हळूच, "मला जमेल का रे?"

मी गर्दीत सगळ्यांना सांगत होते – आमचे हे. हे आमचे! अभिमानाने ऊर इतका भरून आला की पदर लावला डोळ्यांना. आतल्या दालनात गोधडीपाशी जायला सवडच झाली नाही.

११ मार्च
त्यांचं भिंग तिथेच राहिलं होतं, ते आणायला मी गेले. जाता जाता आत डोकावले.

गोधडी सरळ होती. मधोमध माझा पिवळा.

बाई म्हणाल्या, "तुमच्या यजमानांची अटच होती ना. 'तिची बाजू पुढे करा, तरच मी चारचौघांत बसेन.'"

समोर एक जोडपं उभं होतं. "काय रंग आहेत!" म्हणत होतं. मी सरळ पुढे गेले, कोपरा धरला आणि गोधडी उलटून त्यांना म्हटलं, "आता हे बघा."

पहारेकरी ओरडला. ओरडू दे.