झाकणाच्या आतलं नाव

२ नोव्हेंबर

पोचले, आणि अजून हसतेच आहे. हाझेलग्र्यूनच्या थांब्यावर मला घ्यायला गिटारवादक हेर लोत्से नाही, त्यांच्या शेजारच्या बाई, फ्राऊ त्सेंकर, आल्या होत्या. "चौऱ्याऐंशी वर्षांचा कलावंत आहे तो, आल्मुटबाळा. कलावंत झोपतात, ओझी आम्ही उचलायची," असं म्हणत त्यांनी माझी बॅग ओढून घेतली. दुसऱ्या हातात प्लमचा केक होता.

माझी खोली वरच्या मजल्यावर आहे, खिडकीत फरची झाडं. खाली बैठकीच्या खोलीत भिंतीवर चार गिटारी टांगल्या आहेत: काळी, लाल, तपकिरी आणि मधाच्या रंगाची. चारही विजेवर वाजणाऱ्या, पण अंगाने पोकळ. व्हायोलिनसारखं फुगीर झाकण, त्यात दोन वळणदार भोकं. सगळ्या साठ वर्षांपूर्वीच्या, आणि सगळ्या आपण स्वतः घडवल्या असं हेर लोत्से सांगतात. त्यांची शेवटची तबकडी याच घरात, याच गिटारींवर मुद्रित करायची आहे. लायप्झिगची एक छोटी कंपनी ती काढणार, मुद्रण मी करणार.

नव्या वहीच्या पहिल्या पानावर नाव घातलं: आल्मुट क्रेत्शमार. लहानपणी माझी छाती नाजूक होती, म्हणून पहिली तीन वर्षं बाबांनी मला घरीच शिकवलं. ते चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करतात. त्यांचा पहिला धडा असा: आपल्या कामाखाली आपलं नाव, दुसऱ्याच्या कामाखाली दुसऱ्याचं. बाकीचे धडे विसरलीस तरी चालेल, म्हणायचे.

५ नोव्हेंबर

मुद्रण फक्त दुपारी बारा ते एक. तेवढा वेळ शेजारच्या सॉमिलची करवत बंद असते. मायक्रोफोन गिटारीच्या भोकापासून वीतभर दूर, आणि ॲम्प्लिफायर कोठीत, लोणच्याच्या बरण्यांमध्ये. भिंतीवरच्या तीन गिटारींच्या तारांखाली लोकरी पट्ट्या सरकवाव्या लागतात, नाहीतर एक वाजली की बाकीच्याही गुणगुणतात. पोकळ लाकडाला गप्प बसणं जमत नाही.

प्रत्येक टेकच्या आधी मी टेपवर बोलते: "आल्मुट क्रेत्शमार, मधाळ गिटार, टेक पहिला." हेर लोत्से हसले. देवाला हजेरी देतेस काय पोरी, म्हणाले. ते मला पोरीच म्हणतात. त्यांना माझं नाव माहीत असावं असं वाटत नाही.

८ नोव्हेंबर

गिटारीत लांडगा आहे. इथले वाद्यं घडवणारे कारागीर असंच म्हणतात: एखादा असा सूर, की तो लागला की सगळं लाकूड थरथरतं आणि कण्हल्यासारखा आवाज येतो. प्रत्येक वाद्याचा लांडगा वेगळा असतो, असं मी ऐकलं होतं. या चौघींचा एकच आहे.

आत काही सैल झालंय का ते पाहायला दातांच्या डॉक्टरकडचा असतो तसा आरसा भोकातून घातला. सैल काही नव्हतं. झाकणाच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने लिहिलेलं होतं: *मी केली. गेरलिंड लोत्से, मार्च १९६१.*

मग बाकीच्या तिन्ही पाहिल्या. तारखा वेगळ्या, नाव तेच.

१० नोव्हेंबर

गेरलिंड म्हणजे त्यांची बायको. फ्राऊ त्सेंकर बटाट्याचे गोळे वळता वळता बोलत होत्या, आणि प्रत्येक गोळा जरा जास्तच दाबत होत्या. गेरलिंड इथे, याच स्वयंपाकघरात झाकणं कोरायची. तो गावोगावच्या नाचांना वाजवत हिंडायचा. गिटारीवर चिठ्ठी मात्र त्याच्या नावाची. "त्याची बोटं बघ कधीतरी. तारांचे घट्टे आहेत. पटाशीचा एक तरी आहे का?"

तिला जाऊन पंचवीस वर्षं झाली. इथे कबरीची जागा ठरावीक वर्षांसाठी भाड्याने मिळते; तिची मुदत या वसंतात संपली. एका कागदावर सही केली असती तर वाढली असती. हेर लोत्सेंनी केली नाही. कबर सपाट झाली, दगड नेला. "तिचं नाव आता कुठेच नाही गं," असं म्हणून त्यांनी पुढचा गोळा वळायला घेतला.

आहे, फ्राऊ त्सेंकर. चार ठिकाणी आहे. पण मी बोलले नाही.

१३ नोव्हेंबर

अठ्ठावीस तारखेला वाद्यांच्या संग्रहालयाची माणसं गिटारी तपासायला येणार आहेत. ते आत कॅमेरा घालून पाहतात. हेर लोत्सेंनी मला बसवलं, माल्टची कॉफी स्वतः ओतली. तुझे हात बारीक आहेत, म्हणाले. आतली पेन्सिल पुसून टाक.

मी नाही म्हटलं. संतापाने कप तसाच परत सरकवला. ते चिडले नाहीत. "एवढी कसली सोवळी गं तू? मेलेल्या बाईला काय फरक पडतो? जिवंत पोरीला पडतो." तबकडीच्या वेष्टनावर छापतील म्हणाले: ध्वनिमुद्रण, आणि खाली माझं पूर्ण नाव. तेव्हा कळलं, नाव त्यांना माहीत होतं.

माझं नाव आजवर कुठेच छापलेलं नाही.

१४ नोव्हेंबर

केलं. तारेच्या टोकाला रबर बांधून, आरशात बघत. चारही. रबराचा करडा चुरा गिटारी उलट्या करून भोकातून तळहातावर पाडला. फेकवेना. पाकिटात ठेवलाय.

१५ नोव्हेंबर

लांडगा गेला! चौघींतूनही गेला. सूर स्वच्छ लागतात. आज तीन धुना पूर्ण झाल्या. हेर लोत्से शीळ घालत होते. 

१७ नोव्हेंबर

टेप ऐकत होते. "——, मधाळ गिटार, टेक चौथा." नावाच्या जागी काहीच नाही. टेप खराब असेल. यंत्र पुसून घेतलं, नवं रीळ लावलं. पुन्हा तेच. पाच तारखेच्या टेकमध्येही नाही, आणि तेव्हा तर मी स्वतः ऐकून पाहिलं होतं.

१९ नोव्हेंबर

सॉमिल बंद असताना दहा वेळा स्पष्ट बोलले. दहाही वेळा टेपवर नाव नाही. हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवला. ती जागा रिकामी नाही. तिथे चारही गिटारी वाजताहेत, अगदी हलक्या, तोच लांडग्याचा सूर. पट्ट्या मी स्वतः घातल्या होत्या. तपासल्या, जागच्या जागी होत्या.

२१ नोव्हेंबर

लायप्झिगहून वेष्टनाचा नमुना आला. *चारही गिटारी घडवणारे आणि वाजवणारे: एरहार्ट लोत्से.* त्याखाली: *ध्वनिमुद्रण:* आणि कोरा कागद. फोन केला. कंपनीतल्या मुलीने नाव विचारलं, मी सांगितलं, ती म्हणाली ऐकू येत नाहीये. पाच वेळा सांगितलं.

फाटकाशी फ्राऊ त्सेंकर भेटल्या. तीन आठवडे यांचा केक खातेय मी. थोडं हसून त्यांनी विचारलं, कोणाकडची गं तू?

२२ नोव्हेंबर

बाबांना फोन केला. ते अदबीने म्हणाले, कोण बोलतंय? मी म्हटलं, मी, बाबा, तुमची —

त्यांनी विचारलं, कोणाशी बोलायचंय तुम्हाला?

२५ नोव्हेंबर

आज मृतांचा रविवार. वर्षभरात गेलेल्यांची नावं चर्चमध्ये वाचतात, प्रत्येकाला घंटेचा एक टोला, एक मेणबत्ती. मी मागच्या बाकावर बसले होते. पाद्रींनी सात नावं वाचली. मग आठवं.

आल्मुट क्रेत्शमार.

टोला पडला. मेणबत्ती लागली. कोणी वळून पाहिलं नाही. आठ दिवसांत माझं नाव पहिल्यांदाच ऐकलं मी. उभी राहून ओरडले, मी इथे आहे. पुढची बाई थोडी सरकून बसली, वारा लागल्यासारखी.

२६ नोव्हेंबर

हेर लोत्सेंनाही झालं. पण वेगळं. संग्रहालयाचा फोन आला, त्यांनी उचलला, आणि म्हणाले, "गेरलिंड लोत्से बोलतेय." स्वतःच दचकले. पुन्हा बोलायला गेले, पुन्हा तेच. आता तोंडातून दुसरं काही निघत नाही. कॉफी मागतात, गेरलिंड. शिवी देतात, गेरलिंड. रडतात —

मला त्यांची दया आली नाही. हे लिहून ठेवते, कारण खरं आहे.

२७ नोव्हेंबर, सकाळ

परत लिहिलं. तारेला पेन्सिल बांधून, आरशात बघत. *मी केली. गेरलिंड लोत्से.* काळीत, लालमध्ये, तपकिरीत. प्रत्येक वेळी आत लाकूड हुंकारलं. ओळखल्यासारखं. माफ केल्यासारखं नाही.

चौथी बाकी. मधाची. तिच्यात आरसा घातला —

आधीच लिहिलेलं आहे. ताज्या पेन्सिलीने. माझं नाव.

आणि शेवटची दोन अक्षरं पुसट आहेत.

दुपार

करवत बंद झाली. म्हणून ऐकू येतंय. मधाळ गिटारीतून. लाकडावर रबर घासल्यासारखं. थांबतं. पुन्हा. भोकाखाली जमिनीवर चुरा पडतोय. करडा. थोडा थोडा.

वहीचं पहिलं पान काढलं. तिथे आता फक्त *आल्मु* आहे. मी बघत असताना —

गेरलिंडला नाव परत मिळालंय. तेवढं पुरत नाही तिला. बरोबर आहे तिचं. मलाही पुरलं नसतं.

खाली हेर लोत्से तिचं नाव घेत जिना चढताहेत. हळूहळू. एकेक पायरी, एकेक गेरलिंड.

एक काम राहिलंय. बाबा, तुमचा धडा विसरले नाही. वेष्टनावर नको, इथे. ती चार नावं कोणी सांगितलं म्हणून नाही, मी पुसली. माझं नाव छापून यावं म्हणून पुसली. हे काम माझं आहे. खाली नाव घालते.

मी केलं.

आ