ताओताओची गाडी हळू का चालते

वेनचिंग,

पेज झाकून ठेवलीय, मांतोऊ पाव वाफेवर आहेत. पोरीला झोपू दे. मी वेइफांगच्या बसने गावी निघालोय.

तिच्या बसायच्या खेळण्यातल्या गाडीत वेगासाठी मी बसवलेली लिथियमची बॅटरी काढली आणि मूळची शिशाची परत बसवली. काढलेली घरात ठेवली नाही, खाली दारवान छिऊकडे दिलीय. परवा गाडी लिफ्टमध्ये नेली, तर आगीच्या भीतीने विजेच्या स्कूटरी अडवणाऱ्या तिथल्या कॅमेऱ्याला ती गुलाबी गाडी स्कूटरच वाटली. दार मिटेना, वर ‘स्कूटर बाहेर काढा’ म्हणून शेजाऱ्यांसमोर माझा उद्धार! तेव्हाच शहाणा व्हायला हवं होतं, पण मी गाडी उचलून जिन्याने आणली.

खाली अंगणातली पोरं ताओताओला गोगलगाय म्हणायची, ते मला बघवेना. काल गाडी पळाली तेव्हा काय हसली ती! मी मागे धावलो, पण पोचायच्या आत ती फुलांच्या कठड्यावर आदळली.

तिच्या हनुवटीच्या टाक्यांना पाणी लागू देऊ नकोस. रात्री जेवताना तू एक शब्द बोलली नाहीस. चार शब्द सुनावले असतेस, तर घास तरी गिळला असता.

काळा चार्जरच वापर. लाल पट्टीचा लिथियमचा होता, तो चुकून कोणी लावायला नको म्हणून सोबत नेतोय.

गाडी हळू का चालते म्हणून ती रडेल. तिला सांग, आजोबा मागे राहिलेत, त्यांना गाठता यावं म्हणून गाडी हळू चालतेय.

– बाबा