गाडीच्या घशात अडकलेली बाही

अहो,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. त्यात गाडी धरायची की नाही ते पत्र पुरतं वाचून तुम्हीच ठरवा. आईंची तब्येत उत्तम (गुडघा सोडून, आणि गुडघ्याचं त्या तुम्हाला रविवारी फोनवर स्वतःच सांगतील). तुमचा खोकला कसा आहे? बोगद्यातल्या माणसांना हवा पुरवायचं काम तुमच्याकडे, आणि सगळ्यांत जास्त खोकता तुम्हीच, हे काही मला पटत नाही. कोमट पाणी पीत जा. आणखी एक वर्ष राहण्याच्या त्या कागदाबद्दल तुम्ही विचारलंत, महिनाअखेर सही करून द्यायची आहे म्हणालात, आणि मी ‘तुमच्या मनाला येईल तसं करा’ म्हणाले. त्याबद्दल शेवटी लिहिते. (फोनची दहा मिनिटं, त्यातली आठ आईंची. उरलेल्या दोन मिनिटांत, तुमच्या मागे माणसं रांगेत खाकरत असताना, मी याहून शहाणं काय बोलणार होते.) आधी तुमच्या नळीचं सांगते.

नळी म्हणजे तीच, गाडीला थंड हवा खायला घालायची. तुम्ही गेलात आणि चौथ्या दिवशी तिचं खोकं दारात आलं. ‘मी आल्यावर बसवतो, कोणी हात लावू नका,’ असं तुम्ही कळवलंत, म्हणून मी ते शिलाई मशीनखाली, पायडलच्या उजव्या अंगाला सरकवलं. गेले चौदा महिने ते तिथेच. शाळेचे गणवेश शिवले, दवाखान्याचे पडदे शिवले, आणि दिवसातून दहादा त्याच्या कोपऱ्यावर अंगठा आपटून घेतला. तरी मी कधी काही म्हटलं नाही, कारण ते खोकं म्हणजे तुम्ही येणार असल्याची पावती, असं मी मनाशी धरून चालले होते. गेल्या रविवारी फोन ठेवला, मशीनवर बसले, अंगठा आपटला, आणि मनात आलं, आता आणखी एक वर्ष. मग मात्र माझं डोकं फिरलं. कात्री उचलली आणि खोकं फाडलं. हे नीट वाचा, नाहीतर बायकोलाही गाडीचं वेड लागलं असं समजून खूश व्हाल. रागाच्या भरात फाडलं.

आत एक वाकडी चकचकीत नळी, रबराची दोन कोपरं, आवळायच्या चार पट्ट्या, आणि एक लाल शंकूसारखा फिल्टर. माहितीपत्रक पाच भाषांत होतं आणि आपली त्यांत नव्हती, पण चित्रं होती. गणवेशाची बाही कशी लावायची हे चित्रावरून कळतं तर हे का कळू नये, असा मी विचार केला (इथेच माझी चूक झाली, पण ती मला बुधवारी कळली). फिल्टर पाहून तर मी चाटच पडले. काय सुबक चुण्या हो त्याच्या. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतक्या एकसारख्या चुण्या घातल्या नाहीत. पण कापड तेलकट. वर्षभर मशीनखाली राहून मशीनचं तेल गळलं असणार, असं मला वाटलं. म्हणून मी तो साबणाच्या पाण्यात भिजवला, मऊ ब्रशने घासला आणि दोरीवर चिमटा लावून वाळत घातला. वाळल्यावर चित्रं पुन्हा पाहिली, तर तेराव्या चित्रात एक हात फिल्टरला तेल लावत होता. म्हणजे ते तेल त्याचंच होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मग मी मशीनची तेलाची कुपी घेतली आणि एकेका चुणीत एकेक थेंब सोडला. अख्खी दुपार गेली.

आईंना मी सांगितलं की गाडीला थंड हवेची नळी बसवते आहे. त्या म्हणाल्या, बरं झालं, मला मागच्या सीटवर फार उकडतं. मी समजावलं, की ही हवा माणसांसाठी नाही, इंजिनासाठी आहे. इंजिन आपल्याच अंगची गरम हवा खाऊन मरगळतं, त्याला बाहेरची थंड हवा मिळाली की तरतरी येते. (तुम्ही हे जेवणाच्या टेबलावर दोन चमचे आणि मिठाची बाटली मांडून मला तीनदा समजावलं होतं. तेव्हा मी ऐकत नव्हते, तुमच्याकडे बघत होते. आता लिहूनच टाकते.) आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग शाल घेऊ का बरोबर?

मंगळवारी गणवेश बाजूला ठेवले आणि कामाला लागले. बॅटरीची तार सोडली, जुना काळा डबा काढला, त्याच्यावरचा तो लहानसा सेन्सर काढून नव्या नळीवर बसवला. पाचव्या चित्रात असं होतं, की डबा काढल्यावर इंजिनाचं जे तोंड उघडं पडतं त्यात स्वच्छ कापड कोंबून ठेवावं, म्हणजे एखादा स्क्रू आत पडत नाही. शिंपिणीच्या घरात कापडाला काय तोटा. पण नव्या कापडाच्या चिंध्यांचे धागे सुटतात, आणि एक धागा जरी इंजिनात गेला तरी तुम्ही मला जन्मभर ऐकवलं असतं. धागा न सोडणारं, धुऊन धुऊन मुरलेलं सुती कापड घरात एकच होतं, तुमचा निळा शर्ट. दारामागच्या खिळ्यावर तुम्ही टाकून गेलात तसाच होता. मी धुतला नव्हता. (का, ते विचारू नका. इतकं तुम्हाला कळायला हवं.) खांद्याची शिवण उसवून मी एक बाही वेगळी काढली. उसवली, कापली नाही, गैरसमज नसावा. ती कोंबली, मग रबरी कोपर, मग नळी, मग फिल्टर, आणि चारही पट्ट्या दात-ओठ खाऊन आवळल्या. आपला हात जगन्नाथ. बाही आतच राहिली हे तुम्ही ओळखलं असेलच. मी नाही ओळखलं.

बुधवारी सकाळी आई शाल पांघरून, कानाला रुमाल बांधून मागे बसल्या. किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, एक आवंढा गिळला आणि बंद पडली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर तिने तुमच्यासारखा खोकला काढला. आईंनी मागून विचारलं, सोडली का हवा? शेवटी समोरच्या वाण्याने आणि पोस्टमनने मिळून गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत ढकलली. आईंना उतरा म्हटलं तर म्हणाल्या, एकदा बसले ती बसले. पोस्टमन तेव्हापासून आपल्याकडे पत्र टाकताना वेगळाच चेहरा करतो.

गॅरेजवाल्यांचं नाव तुम्ही ‘उद्या या’ ठेवलं होतं, तेच अजून त्यांना शोभतं. पण त्या दिवशी, आईंना आत बसलेलं पाहून, त्यांनी आजच्या आज हात लावला. पट्टी सैल केली, नळी ओढली, आत डोकावले, आणि पक्कडीने हळूहळू बाही बाहेर काढली. आधी कफ आला, कफाचं बटण आलं, मग कोपर, मग खांदा. ती पक्कडीत उंच धरून ते मला म्हणाले, ‘वहिनी, बाकीचे साहेब कुठे आहेत?’

सगळं गॅरेज हसलं. मीसुद्धा हसले, आणि तशीच तिथल्या जुन्या टायरवर बसून रडायला लागले. त्यांना वाटलं, गाडीसाठी. म्हणाले, इंजिनाला काही झालेलं नाही, पाच मिनिटांत चालू करून देतो. मी त्यांच्या हातातून बाही घेतली आणि वास घेतला. पेट्रोलचा येत होता. चौदा महिने मी त्या शर्टाला पाणी लावलं नव्हतं, आणि माझ्याच हाताने तो गाडीला खायला घातला. बाही पुन्हा जोडली आहे, शिवण दिसणारसुद्धा नाही. पण वास काही जोडता येत नाही.

गाडी म्हणाल तर आता झकास चालते. फिल्टरचं जादा तेल त्यांनी पुसून दिलं. वेग दिला की नळी घुमते, आईंना तो आवाज फार आवडला, फक्त हवा कमी आहे म्हणतात. गणवेश शाळेत पोचवले, पडदे दवाखान्यात पोचवले, आईंना गुडघ्यासाठी नेऊन आणलं. ड्रायव्हरची सीट तेवढी तुमच्या मापावरच ठेवली आहे. पाठीमागे दोन उशा लावते आणि टोकावर बसून चालवते. गॅरेजवाल्यांनी पुढे सरकवून देऊ का विचारलं, मी नको म्हटलं.

जेवत जा वेळेवर. आईंचा आशीर्वाद.

तुमची,
मी

ता. क. आई म्हणाल्या, पत्रात असंही लिही की सुनेला सगळं जमतं, घराचं काही अडत नाही, त्याने काळजी करू नये. म्हणून हे लिहिलं. मग सगळं पत्र पहिल्यापासून वाचलं. इतकी पानं मी हेच तर सांगत बसले आहे. हे वाचून तुम्ही निश्चिंत मनाने त्या कागदावर सही कराल.

ता. क. दुसरा. म्हणून आज दुपारी नळी काढली आणि जुना डबा परत बसवला. चाळीस मिनिटं लागली, आणि या वेळी आत काही राहिलं नाही. नळी पुसून खोक्यात घातली आहे. तेव्हा वरचं गाडीचं कौतुक रद्द समजा. तुमचं काम तुम्ही येऊन करा.

ता. क. तिसरा. कागदाबद्दल लिहिते म्हणाले होते. ‘तुमच्या मनाला येईल तसं करा’ हे मी खोटं बोलले. शेजारी आई उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर मला रडू फुटलं असतं. सही करू नका. आई म्हणतात ते खरं आहे, मला सगळं जमतं. पण करमत नाही हो.