सहाव्या रिळाआधी सातवं

ता. ९, सोमवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक, माझी कंबर सोडून. दुसरा ऑपरेटर आजारी, त्यामुळे थिएटरचे तिन्ही खेळ माझ्याच गळ्यात. सध्या हॉलिवूडचा जुना युद्धपट लागलाय. जंगल, चिखल, डासांनी फोडून काढलेले सैनिक. काल अण्णा म्हणाले, बघू तरी. लढाईवरून आल्यापासून चाळीस वर्षांत त्या जंगलाबद्दल चकार शब्द न काढणारा माणूस! मी चाटच पडलो.

आणि नेमक्या त्याच खेळाला मी माती खाल्ली. डोळ्यांवर झापड, सहाव्या रिळाआधी सातवं चढवलं. ओढ्याकाठी मेलेला उंच शिपाई पुढच्या रिळात मजेत सिगारेट ओढत चालत आला. पब्लिकने थिएटर डोक्यावर घेतलं, मालकाने मला फाडून खाल्लं. अण्णा मात्र घरी येऊन पोटभर जेवले आणि बोलायला लागले. त्यांचा लढाईतला जोडीदार असाच ओढ्याकाठी जखमी पडला होता. तो जागच्या जागी गेला, असं त्याच्या घरी अण्णांनीच कळवलं. पण तो जिवंत होता, ताई. अण्णा त्याला तसाच सोडून आले होते.

आता म्हणतात, शनिवारी शेवटच्या खेळाला रिळं पुन्हा तशीच लाव. नोकरी जाईल गं. काय करू?

तुझा,
ढब्बू

ता. ११, बुधवार

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं, नवरा आपल्यावरच रुसलाय. या घरातल्या गप्प बसण्याचा मला आता कंटाळा आलाय रे. रिळं सरळ लाव. खोटं एकदा बघून बरं वाटलं, पुन्हा वाटणार नाही. शिवाय नोकरी गेली तर तू माझ्याकडे जेवायला येशील, आणि तुझी भूक मला माहीत आहे.

तुम्हा दोघांच्या काळजीत,
ताई

ता. १५, रविवार

ती. ताईस,
सा. न.

रिळं सरळ लावली. अण्णांना आधीच सांगितलं होतं, तरी आले. शिपाई मेला, तो पुन्हा आला नाही. दिवे लागले तरी अण्णा उठेनात. मग दुखरा गुडघा घेऊन जिना चढून माझ्या प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये आले आणि म्हणाले, जोडीदाराच्या बहिणीला खरं काय ते कळवायचंय, मला सुचत नाही, तू लिही.

तीन कागद फाडले, चौथ्यावर जमलं. फार थकलोय गं, दोघंही. ती बाई काय म्हणेल, देव जाणे. पत्ता शोधायला म्हणून मी जुनी ट्रंक उघडायला उठलो, तर अण्णांनी पाकीट पुढे ओढलं आणि न थांबता अख्खा पत्ता लिहिला. चाळीस वर्षं पाठ होता.

माझ्यावर लोभ आहेच, तो अण्णांवरही असू दे.

तुझा,
ढब्बू