वहीतले दोन आणि तीन

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकोबास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी वही पोचली, गजराचं घड्याळही पोचलं. आता तुझ्यापुढे हात जोडते बाबा! वीस मिनिटं इस्त्री, मग पाच मिनिटं खांदा सैल सोडून बसायचं, आणि तेही दुखत नसताना? हॉटेलच्या लाँड्रीत आम्ही चौघीजणी शेजारी शेजारी उभ्या. गजर झाला की बाकीच्या तिघी फिदीफिदी हसतात. एक तर रोज विचारते, बाई, तुमची गाडी चुकेल का. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. माझ्या खांद्यातली मुंगी सहा वर्षं जागची हललेली नाही. आणि तू लिहितोस, दुखणं पूर्ण जाईलच असं नाही. एवढं सांगायला चार वर्षं कॉलेजात घातलीस होय रे?

घरी तुझे भाऊजी मला पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नाहीत. काचेचं भांडं झालंय माझं. नुसती चीड चीड होते.

खरी काळजी वेगळीच आहे. मॅनेजरबाई म्हणाल्या, उंच स्टूल आणि मधली विश्रांती हवी असेल तर महिनाअखेर हॉस्पिटलचा कागद आण, नाहीतर तुझं टेबल दुसरीला देते. ते टेबल गेलं तर मी घरात बसून वेडी होईन. तेव्हा कागदाचं तेवढं बघ. बोलले ते मनावर घेऊ नकोस, पण ताईला विसरूही नकोस.

तुझी ताई

दि. ८ फेब्रुवारी

ती. ताईस, साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. दिवसभर मी हेच शिकवतो. काल एका सुताराला रंधा कसा धरायचा ते दाखवलं, तो बिचारा निमूट ऐकतो. सख्खी बहीण मात्र हुज्जत घालते!

अगं, जरा बरं वाटलं की तू सगळा ढीग एका दमात उपसतेस आणि मग तीन दिवस तुझा हात वर होत नाही. म्हणून दुखायच्या आधी थांबायचं, घड्याळ बघून. दुखणं मुळासकट घालवणं मला जमणार नाही, पण दुखण्यासकट तुझं काम तुझ्याकडे राहावं एवढं जमेल. ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात ती हीच. भाऊजींना सांग, बादली अर्धी भरा आणि तिची तिला उचलू द्या.

वहीत दर तासाला काय केलंस आणि किती दुखलं ते लिही. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. गेल्या महिन्यात तुला तपासलं त्या आमच्या थोरल्या बाई वही बघूनच कागद देतील. माझी ही पहिलीच स्वतंत्र केस, पास-नापास त्याच ठरवणार, त्या अगदी बारकाईनं बघणार आहेत. माझी लाज राख गं! भाऊजींना नमस्कार, आणि मला दोन शिव्या कमी घालत जा.

तुझा धाकटा

दि. २० फेब्रुवारी

चि. धाकोबास, अनेक उत्तम आशीर्वाद.

वही पाठवते आहे. बघ, सुरुवातीला सहा-सात होते, आता सगळीकडे दोन आणि तीन. तुझा उपाय लागू पडला म्हणून थोरल्या बाईंना खुशाल सांग. अक्षर जरा वाकडंतिकडं आलंय, पेन मेलं धड चालत नाही. जेवणाची हेळसांड करू नकोस. आठवण ठेव, आणि चार ओळी तरी धाड.

तुझी ताई

दि. ११ मार्च

ती. ताईस, नमस्कार मागाहून.

भाऊजींचं पत्र आलं. तू डाव्या हातानं वही लिहिलीस? उजवा इतका धरला होता की चहाचा कप उचलवत नव्हता, आणि तू दोन लिहिलंस?

तेच आकडे बघून थोरल्या बाईंनी लिहून दिलं की पुष्कळ आराम आहे, पूर्ण कामाला हरकत नाही. मी तर शेखी मिरवत फिरलो. त्याच कागदावर बोट ठेवून मॅनेजरबाईंनी तुला जाड चादरींचा दुप्पट ढीग दिला आणि चार दिवसांत तू अंथरूण धरलंस. आता म्हणे, सोमवारी पूर्ण कामावर ये नाहीतर येऊच नकोस. म्हणजे तुझं टेबल माझ्याच कागदानं जाणार!

ताई, भयंकर संतापलोय. त्यातला निम्मा राग माझाच मला आलाय. लाज राख असं मीच लिहिलं. इथे बसून उंटावरून शेळ्या हाकल्या, पण तुझं टेबल किती उंच आहे ते एकदा येऊन पाहिलं नाही. होऊ दे ना मी नापास! थोरल्या बाईंना सगळं सांगितलंय, खूप बोलणी खाल्ली. तुला नव्यानं तपासून, खरी वही बघून त्या दुसरा कागद देतील. मला पंचवीस तारखेच्या बुधवारच्या आत सुटी नाही. सोमवारी तुला एकटीनंच जायचंय. खरं सांग, एवढंच मागतो.

तुझा धाकटा

दि. १६ मार्च, सोमवार

चि. धाकोबास, आशीर्वाद आहेतच, आधी भांडण.

लाज राख म्हणालास, राखली. आई गेल्यावर तुझे पाढे मी घेतले, माझ्या भावाला नापास करणारं अजून जन्माला यायचंय. आणि तू माझ्या खांद्यापायी नापास व्हायचास? आकडे आठ आणि नऊ होते. दोन लिहिताना वाटायचं, लिहिलं म्हणून उतरेलही. मूर्ख आहे मी, झालं समाधान?

आज गेले. मॅनेजरबाईंनी विचारलं, बरं आहे ना आता, आणि माझ्या तोंडून निघालं की हो, बरं आहे. चांगली टेबलापर्यंत गेले बघ! इस्त्री उचलली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तशीच मागे फिरले आणि सगळ्यांदेखत सांगितलं की आठ दुखतंय, वही खोटी आहे, खोटी मी लिहिली, भावानं नाही. आणि रडूच फुटलं. त्या चांगल्याच कडाडल्या, हॉस्पिटलचा कागद म्हणजे पोरखेळ वाटला का म्हणून. कडाडून झाल्यावर म्हणाल्या, पंधरा दिवस टेबल राखते, खरा कागद आण, सोळाव्या दिवशी ऐकणार नाही. म्हणजे तलवार अजून टांगतीच आहे.

सहा वर्षांत मी कोणाला खरा आकडा सांगितला नव्हता रे. तुझ्या भाऊजींना नाही आणि तुलाही नाही. माया आहे तेवढी राहू दे, जास्त लाड नकोत.

पंचवीसला येशील तेव्हा दारातच विचारशील, ताई कशी आहेस. मी बरी आहे म्हणेन, जिभेला सवयच आहे तशी. ते ऐकून आत येऊ नकोस. परत विचार.

तुझी ताई