कोळंबीचा पाहुणचार

लाडक्या रूबी,

सगळ्यांत आधी आला तो शेजारचा आल्सीड, भलं मोठं कोळंबीचं पातेलं घेऊन. मग अख्खी गल्लीच जमली. लोक रस्त्यावर शेगड्या मांडून रांधत होते आणि पैसे कुणी घेईना. न्यू ऑर्लिन्ससारखा पाहुणचार आपल्या मेम्फिसात नाही बाई.

घरमालकीण यूलाली म्हणाली, "खा आजी, वीज गेली की सडणारच आहे सगळं."

"वीज कशाला जाईल?"

"रविवारी वादळ येतंय, म्हणून तर फ्रीझर रिकामे करतोय. तुम्हाला काय वाटलं, तुमचा वाढदिवस आहे?"

सगळे हसले, मीही हसले. आता खिडक्यांना फळ्या ठोकतायत आणि अर्धी गल्ली गाड्या भरून निघून गेली.

तू काळजी करू नकोस. माझी खोली माळ्यावर आहे. पाणी चढलंच तर छप्पर फोडायला तिथे कुऱ्हाडही ठेवलीय. तुझे गुडघे कसे आहेत?

यूलाली गाडीत जागा देत होती, मीच नको म्हटलं. आपली नात डेल्फीन मला इथे ठेवून नवऱ्याबरोबर समुद्र बघायला गेलीय, तिचा फोन लागत नाही. ती आली आणि मी सापडले नाही तर? जाताना माझा पापा घेऊन म्हणाली, "इथून हलू नकोस हं आजी, आम्ही रविवारी येतो."

तुझी, रविवारची वाट बघणारी,
ओडेसा