निकोलासाची बियाण्याची खोली

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. मी, एउलालिया कुसीपुमा, कै. मेल्कियादेस यांची पत्नी, लिहिता-वाचता येणारी, राहणार पाम्पाकांचा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. छातीत दम उरला नाही, एवढंच.

घर, ओढ्यापलीकडचं शेत आणि मेंढ्या मुलगा तेओदोसियो यास द्याव्यात. पतपेढीतली शिल्लक दफनाला आणि चर्चमधल्या मिस्सेला पुरते. मेणबत्त्या दोनच लावाव्यात, देवाला तेवढ्या उजेडात दिसतं. मोठं पातेलं जाऊबाई ब्रिखिदांनी लग्नकार्याला नेलं ते नेलंच. आता मागू नये. मागितलं तर पोचे पाडून आणून देतील.

बियाण्याची खोली वेगळी. जग खातं तो बटाटा याच डोंगरांत आमच्या पूर्वजांनी माणसाळवला, आणि आमच्या घरी त्याच्या नावानावाच्या वाणांचं बियाणं आईकडून लेकीकडे येत गेलं. त्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, बियाणं रुसतं. यजमानांनीसुद्धा कधी उंबरा ओलांडला नाही.

म्हणून ती खोली मी माझी मुलगी निकोलासा हिच्या नावे करते.

गावचे न्यायाधीश म्हणाले, "मावशी, गेलेल्या माणसाच्या नावे काही करता येत नाही." त्यांनी लिहिलं नाही, म्हणून हे कलम माझ्या हाताने लिहिलं आहे.

निकोलासा लिमा शहरात धुण्याभांड्याला गेली. सणाला आली तेव्हा हसत होती. "आई, तिथे बटाट्याला नावच नसतं गं. नुसता बटाटा म्हणतात." परत जाताना मूठभर बियाणं घेऊन गेली. क्षयाने ती तिकडेच गेली. कपड्यांबरोबर दुधाच्या पत्र्याच्या डब्यात माती आली, मातीत वाटाण्याएवढा एक बटाटा. तो मी लावला. दाराजवळची टोपली त्याचीच.

तेओदोसियोचं लग्न झालं नाही. घरात दुसरी बाई नाही. तो म्हणतो, बाजारात पांढरा एकच वाण खपतो. पण खोली बंद राहिली तर सगळे वाण कुजतील. तेव्हा पेरणीआधी त्याने दारात टोपी काढून उभं राहावं आणि विचारावं, "ताई, आत येऊ का?"

उत्तर येणार नाही, हे मला कळतं. तरी थोडं थांबावं. हाक मारली तरी हातातलं काम संपवल्याशिवाय ती कधी आली नाही.

मग आत जावं.

सही: एउलालिया कुसीपुमा
साक्षीदार: फोर्तुनाता लायमे, ग्रेगोरियो अमाओ
पाम्पाकांचा, कुस्को. २ ऑगस्ट १९९४